लंब आणि छेद : भूमितीतील दोन संज्ञांचा पूर्वेतिहास

एका प्रतलातील दोन भिन्न रेषांना एक बिंदू सामाईक असेल तर त्या परस्परांना छेदतात, आणि छेदनबिंदूपाशी होणारे चारही कोन समान असतील तर त्या रेषा परस्परांना लंब असतात, अशी व्याख्या आज शालेय भूमितीच्या आरंभीच शिकविली जाते. या व्याख्येप्रमाणे लंबत्व हा छेदाचाच एक विशेष प्रकार ठरतो. एकाच प्रतलातील लंब रेषा परस्परांना छेदतातच. छेदणाऱ्या रेषा मात्र लंब असतीलच असे नाही. तर्कदृष्ट्या हा क्रम निर्दोष आहे. परंतु या दोन कल्पनांना ज्या शब्दांनी ओळखले जाते त्या शब्दांचा इतिहास नेमका उलट सांगतो. ‘लंब’ हा शब्द छेदाच्या कुळातून आलेला नाही. तो दुसऱ्याच व्यवसायातून, दुसऱ्याच गरजेपोटी भूमितीत शिरला, आणि येताना आपला जुना अर्थ सोडून आला नाही. विद्यार्थ्यांच्या एका सर्वपरिचित चुकीचे मूळ या न सुटलेल्या अर्थात आहे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

ती चूक अशी. फळ्यावर एक आडवी व एक उभी रेषा काढली की विद्यार्थी त्यांना निःशंकपणे लंब म्हणतो. तीच आकृती तीस अंशांनी फिरविली की तो अडखळतो. उलट, एखाद्या तिरप्या पायावर सरळ उभी रेषा टेकविली तर, कोन काटकोन नसतानाही, तिला लंब म्हणण्याकडे त्याचा कल असतो. शिक्षक याला अनवधान म्हणतात. वस्तुतः विद्यार्थी शब्द बरोबर वाचत असतो. व्याख्या एक सांगते आणि शब्द दुसरेच सांगतो, तेव्हा तो शब्दावर विश्वास ठेवतो, एवढेच.

संस्कृतातील ‘लम्ब्’ या धातूचा अर्थ लोंबणे, खाली लटकणे असा आहे. विलंब, आलंबन, अवलंब ही त्याचीच तत्सम संतती. मराठीतील ‘लांब’ हे विशेषणही त्याच मुळापासून निघाले आहे; जे लोंबते ते लांबते, असा अर्थविस्तार त्यात झालेला दिसतो. (‘लंब’ व ‘लांब’ यांत केवळ एका मात्रेचे अंतर असल्याने लहान मुलांच्या मनात कोणता गोंधळ होत असेल याची कल्पना करणे कठीण नाही.) या कुळातील तद्भव शब्दांपैकी आपल्या विषयाला सर्वांत जवळचा शब्द मात्र पाठ्यपुस्तकात नाही. तो गवंड्याच्या पिशवीत आहे. भिंत सरळ उभी आहे की नाही हे पाहण्यासाठी दोरीला वजन बांधून जे साधन सोडतात त्याला आपण ‘ओळंबा’ म्हणतो. आरंभीच्या ‘अव’चा ‘ओ’ होणे आणि दोन स्वरांमधील ‘ल’चा ‘ळ’ होणे हे मराठीच्या ध्वनिपरिवर्तनाचे अगदी नेहमीचे नियम लावले की ‘ओळंबा’ म्हणजे ‘अवलंब’ हे उघड होते.

या साधनाची भूमितीशी गाठ किती जुनी आहे हे आर्यभटीयावरून दिसते. इसवी सन ४९९ हे वर्ष ज्यात निर्दिष्ट आहे त्या या ग्रंथाच्या गणितपादात आकृत्या कशा साधाव्या याविषयी एक श्लोक आहे. वर्तुळ फिरवून साधावे, त्रिकोण व चौकोन कर्णांच्या साहाय्याने साधावे, सपाट भूमी पाण्याने साधावी आणि खाली-वर ही दिशा लंबकाने साधावी, असा त्याचा आशय आहे. येथे ‘लंबक’ हे एका उपकरणाचे नाव आहे. त्याचे कार्य दोन रेषांचा कोन सांगणे हे नसून ‘वर’ आणि ‘खाली’ ठरविणे हे आहे. जमीन पाण्याने सपाट केलेली असेल तरच तो तिच्याशी काटकोन करील. म्हणजे पाणी व लंबक मिळून काटकोन देतात, एकटा लंबक देत नाही. आर्यभटाने दोन्ही साधने एकाच ओळीत आणली आहेत, हा मला केवळ छंदाचा योगायोग वाटत नाही.

त्याच ग्रंथात त्रिकोणाचे क्षेत्रफळ सांगताना आर्यभट उंचीसाठी ‘लंब’ न म्हणता ‘समदलकोटी’ असा शब्द योजतो. शब्दशः पाहिले तर याचा अर्थ समान दोन भाग करणारी कोटी असा होईल, आणि मग तो समभुज व समद्विभुज त्रिकोणांपुरताच खरा ठरेल. विषमभुज त्रिकोणात उंची पायाचे समान भाग करीत नाही. ६२९ साली आर्यभटीयावर भाष्य लिहिणाऱ्या पहिल्या भास्कराला ही अडचण दिसली होती. त्याचे उत्तर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे : हा शब्द व्युत्पत्तीने घेऊ नये, रूढीने घ्यावा, तसे केले म्हणजे तिन्ही प्रकारच्या त्रिकोणांना सूत्र लागू पडते. गणिती संज्ञेच्या बाबतीत यौगिक अर्थ आणि रूढ अर्थ यांचा झगडा इतक्या स्पष्टपणे मांडून तो रूढीच्या बाजूने सोडविल्याचे इतके जुने उदाहरण क्वचितच सापडेल.

आता थोडे मागे जाऊ. शुल्बसूत्रांत, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील यज्ञवेदीच्या रचनाग्रंथांत, काटकोन पदोपदी लागतो. पण काटकोनाला किंवा लंबाला स्वतंत्र नाव असे तेथे नाही. नाव नाही म्हणून कल्पनाही नव्हती, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. कात्यायनाने पूर्वपश्चिम रेषा काढण्याची रीत दिली आहे ती पाहावी. सपाट जागी शंकू रोवावा. शंकूएवढ्या दोरीने त्याच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी व दुपारनंतर शंकूच्या टोकाची छाया वर्तुळावर जेथे पडेल तेथे खुंट्या ठोकाव्या. त्या जोडणारी रेषा ही प्राची. मग त्या खुंट्यांमधील अंतराच्या दुप्पट दोरी घेऊन, तिची टोके खुंट्यांना अडकवून, मध्य धरून दक्षिणेकडे ताणावी व तेथे खुंटी ठोकावी. तसेच उत्तरेकडे करावे. ही उदीची. आजच्या भाषेत बोलायचे तर ही लंबदुभाजकाची रचना आहे, आणि तिच्यात लोंबणारे काहीही नाही. दोन्ही रेषा जमिनीवर पडून आहेत. एकही उभी नाही, तरी त्या परस्परांना लंब आहेत.

आपस्तंबाची रीत याहूनही बोलकी आहे. महावेदीची प्राची ३६, पश्चिमेची बाजू ३० आणि पूर्वेची २४ एकके असते. त्यासाठी आपस्तंब ३६ लांबीच्या दोरीत १८ मिळवून ५४ लांबीची दोरी घेतो, पश्चिमेच्या टोकापासून १२ व १५ वर खुणा करतो, दोरीची टोके प्राचीच्या दोन टोकांना बांधतो आणि १५ ची खूण धरून ती बाजूला ताणतो. उरलेली दोरी ३९ असते. पंधराचा वर्ग आणि छत्तिसाचा वर्ग यांची बेरीज एकोणचाळिसाच्या वर्गाएवढी, म्हणजे १५२१, असल्याने पश्चिमेच्या टोकाशी काटकोन आपोआप साधतो. बारा व पंधरा या दोन खुणांवर आणि दोरीची टोके अदलाबदल करून वेदीचे चारही कोपरे बसतात. शुल्बकार या साऱ्या व्यवहारात ‘पार्श्वमानी’ म्हणजे कडेची मोजणी, ‘तिर्यङ्मानी’ म्हणजे आडवी मोजणी आणि ‘अक्ष्णयारज्जू’ म्हणजे कर्णाची दोरी असे शब्द वापरतात. त्यांचा ‘तिर्यक्’ हा शब्द खाली-वर दाखवीत नाही. एकीच्या मानाने दुसरी आडवी, असे तो म्हणतो. तेव्हा लंबत्वाचा संबंध शुल्बसूत्रांत पूर्णपणे हाती आलेला आहे, फक्त त्याचे नाव नाही; आणि आर्यभटाजवळ नाव आहे, पण ते संबंधाचे नसून वस्तूचे आहे. संज्ञांच्या इतिहासावरून कल्पनांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या विषम जोडीकडे दुर्लक्ष करू नये.

आपल्या मराठी ‘आडवा’ या शब्दातही हा दुहेरीपणा शिल्लक आहे. आडवा पडला म्हणजे जमिनीला समांतर झाला. पण मांजर आडवे गेले म्हणजे आपल्या वाटेला छेदून गेले. पहिल्या अर्थाला क्षितिज लागते, दुसऱ्याला केवळ दुसरी वाट लागते. ‘उभा’ला असा दुसरा अर्थ जवळजवळ नाहीच.

वस्तूचे नाव मापाला कसे लागले हे ब्रह्मगुप्ताच्या ६२८ मधील ब्राह्मस्फुटसिद्धान्तापासून भास्कराचार्यांच्या लीलावतीपर्यंत पाहता येते. या परंपरेत ‘लंब’ किंवा ‘अवलंब’ म्हणजे शिरोबिंदूपासून पायापर्यंत सोडलेल्या दोरीची लांबी. लंबाने पायाचे जे दोन खंड पडतात त्यांना ‘आबाधा’ म्हणत. लीलावतीतील दोन वेळूंचे उदाहरण या संदर्भात मार्मिक आहे. एक वेळू पंधरा हात, दुसरा दहा हात. प्रत्येकाच्या शेंड्यापासून दुसऱ्याच्या बुंध्यापर्यंत एकेक सूत बांधले आहे. ही सुते जेथे एकमेकांना मिळतात तेथून जमिनीपर्यंतचा लंब किती? वेळूंच्या लांबींच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेने भागावे. १५० भागिले २५, म्हणजे सहा हात. दोन वेळूंमधील अंतर दिलेलेच नाही, कारण ते काहीही असले तरी उत्तर बदलत नाही. अंतर पाच हात मानले तर लंबाच्या दोन बाजूंचे खंड तीन व दोन हात येतात.

या एकाच उदाहरणात छेद आणि लंब शेजारी शेजारी उभे आहेत, आणि त्यांची नावे पाहण्यासारखी आहेत. दोन सुतांच्या छेदनबिंदूला भास्कराचार्य ‘सूत्रयोग’ म्हणतात. छेद नव्हे, योग. रेषा एकमेकींना कापत नाहीत, भेटतात. ज्योतिषात याच कल्पनेला ‘संपात’ म्हणतात. क्रांतिवृत्त व विषुववृत्त यांच्या छेदनबिंदूंना आपण अजूनही वसंतसंपात व शरत्संपात म्हणतो. एकत्र पडणे हा त्याचा मूळ अर्थ. ग्रीक भूमितीत रेषांच्या भेटीला ‘सुम्प्तोसिस’ म्हणत, त्याचाही अर्थ एकत्र पडणे हाच, आणि संस्कृत ‘पत्’ व ग्रीक ‘पिप्तो’ हे धातू सगोत्र आहेत. येथे उसनवारी मानण्याचे कारण नाही. एकाच मूळ धातूने दोन ठिकाणी तेच काम केले आहे. बोलीतही मराठी माणूस रस्त्यांविषयी ‘छेदतात’ असे म्हणत नाही. ते मिळतात किंवा फुटतात; जेथे फुटतात तो फाटा, आणि चार मिळतात तो चौक. ‘छेदणे’ हे सकर्मक क्रियापद आहे. त्यात एक कर्ता व एक कर्म येतेच, आणि दोन रेषांतील संबंध समान पातळीवर राहण्यासाठी आपल्याला ‘परस्परांना’ हा शब्द जोडावा लागतो. ‘योग’ला त्याची गरज नव्हती.

हा प्रश्न केवळ भारतीय भाषांचा आहे असे मात्र समजू नये. युक्लिडच्या मूलतत्त्वांतील दहावी व्याख्या अशी आहे की एका सरळ रेषेवर दुसरी सरळ रेषा उभी राहून संलग्न कोन समान करील तर ते प्रत्येकी काटकोन, आणि उभी राहिलेली रेषा ही पहिलीवर ‘काथेतोस’. ‘काथेतोस’ म्हणजे खाली सोडलेली. लॅटिनमध्ये लंबाला जे नाव मिळाले, आणि इंग्रजीत जे आले, तेही ‘पेर्पेन्दिकुलुम’ म्हणजे ओळंबा यावरून आले. काटकोनासाठीचा ग्रीक शब्द ‘ओर्थोस’ म्हणजे ताठ उभा. व्याख्येत समान कोनांची अट आहे. ती अट कोणत्याही दिशेला लागू पडते. पण शब्द पुन्हा उभ्याआडव्याकडे ओढतात. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील अकरावी प्रतिज्ञा रेषेवरील बिंदूपासून लंब काढण्याची आहे आणि बारावी रेषेबाहेरील बिंदूपासून. अकराव्या प्रतिज्ञेत युक्लिड ‘काटकोनात रेषा काढणे’ असे म्हणतो, ‘काथेतोस’ हा शब्द तो बाराव्या प्रतिज्ञेतच वापरतो, कारण तेथेच वरून काही खाली सोडले जाते. आपणही रेषेवरील बिंदूपाशी लंब ‘काढतो’ किंवा ‘उभारतो’, पण बाहेरील बिंदूतून लंब ‘टाकतो’. हे वाक्प्रचार आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यांत लपलेले गुरुत्वाकर्षण जाणवतच नाही. पाचव्या शतकातील भाष्यकार प्रोक्लस सांगतो की बाराव्या प्रतिज्ञेचा विचार प्रथम ओइनोपिदीस याने केला, आणि तो लंबाला जुन्या पद्धतीने ‘शंकूप्रमाणे’ असे म्हणत असे. कात्यायनाचा शंकू आणि ओइनोपिदीसचा शंकू एकाच उन्हात उभे होते, एवढे म्हणून पुढे जाऊ.

अरबी अनुवादांत लंबाला ‘अमूद’ म्हणजे खांब आणि काटकोनाला ‘काइमा’ म्हणजे उभा असे शब्द आले. लोंबणारी दोरी जाऊन उभा खांब आला. दिशा मात्र तीच राहिली. नसीरुद्दीन तूसीने १२४८ मध्ये सिद्ध केलेल्या अरबी संस्करणावरून सवाई जयसिंगाच्या आश्रयाखाली जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘रेखागणित’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पंधरा अध्याय आणि ४७८ प्रतिज्ञा असा त्याचा विस्तार आहे. मुंबई संस्कृत ग्रंथमालेत कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांनी तो संपादून १९०१-०२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. जगन्नाथाची भाषांतरपद्धती फार विचक्षण आहे. प्रतिज्ञेला अरबीत ‘शक्ल’ म्हणजे आकृती म्हणत. त्याने तिला ‘शकल’ म्हटले. हा शब्द संस्कृतात खंड, तुकडा या अर्थी आधीपासून आहे, त्यामुळे कानाला परका वाटत नाही. ‘अमूद’साठी मात्र त्याने खांब या अर्थाचा शब्द घडविला नाही, त्याच्याजवळ बाराशे वर्षांचा ‘लंब’ तयार होता. काटकोनासाठी त्याने ‘काइमा’चा उभेपणा टाकून ‘समकोण’ हा शब्द घेतला. माझ्या मते या विषयाच्या शब्देतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे. उभे राहणे नव्हे, तर संलग्न कोनांचे समान असणे, हा व्याख्येचा गाभा प्रथमच नावात आला. हिंदीने ‘समकोण’ ठेवला. मराठीने तो ठेवला नाही.

मराठीत एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८२० च्या दशकापासून मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गणिताची पुस्तके तयार होऊ लागल्यानंतर, भूमितीची परिभाषा स्थिरावत गेली. तीत ‘लंब’ हा शास्त्री परंपरेचा शब्द राहिला, पण कोनाला ‘काटकोन’ हे कारागिराच्या भाषेच्या जवळचे नाव मिळाले. मराठी बोलणाऱ्याच्या कानाला हा शब्द ‘काटणे’, ‘काटछेद’, एखाद्या अक्षरावर मारलेली ‘काट’ यांच्याच पंक्तीत बसतो. म्हणजे लंबाचे नाव ओळंब्याकडे बोट दाखविते आणि काटकोनाचे नाव छेदाकडे. त्याच परिभाषेतील तिसरा शब्द ‘गुण्या’. सुतार व गवंडी काटकोन तपासण्यासाठी वापरतात ते हे साधन, आणि विद्यार्थ्यांच्या कंपासपेटीतील त्रिकोणी पट्टीलाही आपण तेच म्हणतो. हा शब्द फारसी ‘गूनिया’वरून आला, आणि फारसीत तो ग्रीक ‘गोनिया’ म्हणजे कोन या शब्दावरून. गवंड्याच्या एका पिशवीत संस्कृतातून आलेला ओळंबा आणि ग्रीकमधून फारसीमार्गे आलेला गुण्या शेजारी नांदतात, आणि गवंडी त्यांच्या कामांची गल्लत कधीही करीत नाही. भिंत ओळंब्यात आहे की नाही हा एक प्रश्न. दोन भिंती गुण्यात आहेत की नाहीत हा दुसरा. पहिला पृथ्वीला विचारायचा असतो, दुसरा दोन भिंतींना. पायाची आखणी करताना तो तीन, चार व पाच फुटांची दोरी ताणून कोपरा गुण्यात घेतो आणि मगच चुन्याची फक्की मारतो. ओळंबा त्या वेळी पिशवीतच असतो. जो भेद कारागिराच्या बोलण्यात स्वच्छ आहे तो पाठ्यपुस्तकाच्या ‘लंब’ या एका शब्दात पुसला गेला आहे.

गणिताने आपल्यापुरता हा गुंता केव्हाच सोडविला. सर्व काटकोन परस्परसमान असतात हे युक्लिडने चौथे गृहीतक म्हणून मांडले होते. १८९९ मध्ये हिल्बर्टने काटकोनाची व्याख्या ‘आपल्या पूरकाएवढा कोन’ अशी करून ते प्रमेय म्हणून सिद्ध केले. (येथे पूरक म्हणजे ज्यामुळे दोन कोनांची बेरीज दोन काटकोन होते तो संलग्न कोन.) बैजिक भूमितीत चढांचा गुणाकार उणे एक असेल तर रेषा लंब, हे सूत्र सर्वांना पाठ असते. गंमत अशी की हे सूत्र उभ्या रेषेलाच लागू पडत नाही, कारण तिला चढ नसतो. सहगुणकांच्या गुणाकारांची बेरीज शून्य, हे रूप घेतले की ती अडचण जाते, आणि दोन्ही रेषांचे स्थान अगदी सारखे होते. कोणती उभी आणि कोणती पायाची, हा प्रश्नच उरत नाही.

वर्गात मात्र सहगुणकांपूर्वी शब्द येतो. ‘लंब’ बदलावा असे मी सुचवीत नाही. पहिल्या भास्कराने ‘समदलकोटी’विषयी जे केले तेच येथे करावे लागेल, म्हणजे शब्द रूढ मानून त्याची व्युत्पत्ती दूर ठेवावी लागेल, आणि दूर ठेवण्यासाठी ती आधी शिक्षकाला ठाऊक असावी लागेल. टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकविणारे पुस्तक १८९३ मध्ये मद्रासला प्रसिद्ध झाले, आणि १८९५ मध्ये फेलिक्स क्लाइनने आपल्या व्याख्यानांत त्याचा उल्लेख केला. त्या पद्धतीत लंब काढण्यासाठी वर-खाली काही लागत नाही. कोणत्याही वेड्यावाकड्या कागदाला एक घडी घालावी. मग तिची एक बाजू तिच्याच दुसऱ्या बाजूवर नीट बसेल अशी दुसरी घडी घालावी. कागद उलगडला की दोन सुरकुत्या एकमेकींना छेदताना दिसतात आणि चारही कोन एकावर एक बसतात. कागद टेबलावर कसाही फिरविला तरी त्यांतली उभी कोणती, हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही.